म्युझिक टेक्नॉलॉजीत मास्टर्स: विद्यापीठ कशावरून निवडावं?

तरफ
नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्समधली पदवी आहे, पेटी वाजवता येते, पायथन बऱ्यापैकी आणि सी++ जेमतेम येतं. म्युझिक टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायचं आहे. यादीत सध्या स्टॅनफर्ड, न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, जॉर्जिया टेक, मॅकगिल, बार्सिलोनाचं पोम्पेउ फाब्रा आणि लंडनचं क्वीन मेरी आहे. रँकिंग पाहायला जावं तर प्रत्येक यादीत क्रम वेगळा. आवड दोन गोष्टींची: रागसंगीतातल्या सुरांचं विश्लेषण आणि प्लगिन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे आवाजाचे छोटे प्रोग्रॅम) बनवणं. पुढे पीएचडी की नोकरी हे ठरलेलं नाही. यांतलं काय कशासाठी चांगलं आणि निवड नेमकी कशावर करावी?

मंद्रसप्तक
रँकिंग सरळ बाजूला ठेवा. त्या याद्या अख्ख्या विद्यापीठाच्या किंवा अख्ख्या संगीत विभागाच्या असतात. तुमची एक-दोन वर्षं जाणार आहेत एका लॅबमध्ये, एका गाइडच्या हाताखाली, एका थिसिसवर.

पहिली अडचण अशी की 'म्युझिक टेक्नॉलॉजी' या एका पाटीखाली निदान चार वेगळे व्यवसाय शिकवले जातात. एक, सिग्नल प्रोसेसिंग आणि मशीन लर्निंग वापरून संगीतातली माहिती काढणं. दोन, नवी वाद्यं आणि त्यांचं नियंत्रण: सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, हावभावांवरून आवाज घडवणं. तीन, रेकॉर्डिंग आणि प्रॉडक्शन. चार, इलेक्ट्रॉनिक संगीताची रचना. तुमची आवड पहिल्यात आहे, आणि प्लगिनमुळे थोडी ध्वनिसंश्लेषणात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या प्रकारच्या विभागांना अर्ज करण्यात वेळ घालवू नका, नाव कितीही मोठं असलं तरी.

तुमच्या यादीबद्दल:

पोम्पेउ फाब्राचा म्युझिक टेक्नॉलॉजी ग्रुप झाविएर सेरा यांनी 1994 मध्ये सुरू केला. फ्रीसाउंड हा आवाजांचा खुला संग्रह आणि इसेन्शिया ही ध्वनिविश्लेषणाची कोड लायब्ररी तिथली. 'कॉम्पम्युझिक' हा हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, चिनी ऑपेरा आणि अरब-अंदलुसी संगीतावरचा मोठा प्रकल्पही तिथेच झाला. आधार-षड्ज ओळखणं, रागओळख, तालाचं आवर्तन शोधणं यावरचे पेपर, डेटासेट आणि कोड त्यातून आले. साउंड अँड म्युझिक कॉम्प्युटिंगचा मास्टर्स एक वर्षाचा, 60 ईसीटीएसचा (म्हणजे युरोपातल्या क्रेडिटचा), शिकवणं इंग्रजीतून. तुमच्या पहिल्या आवडीसाठी याहून नेमकी जागा या यादीत नाही.

क्वीन मेरीचं सेंटर फॉर डिजिटल म्युझिक म्हणजे आवाजाचे आलेख दाखवणाऱ्या सॉनिक व्हिज्युअलायझर या सॉफ्टवेअरवाले. सूर ओळखण्याचा पीवायआयएन हा अल्गोरिदम तिथलाच. हाही मास्टर्स एक वर्षाचा.

जॉर्जिया टेक दोन वर्षांचं. माहिती काढणं आणि रोबोटिक वाद्यं या दोन्ही बाजू भक्कम, शिमॉन हा मरिंबा वाजवणारा रोबो तिथला. न्यूयॉर्कमध्ये ऑडिओ रिसर्चची लॅब चांगली आहे, पण कोर्स रुंद आहे: त्याच वर्गात प्रॉडक्शनवाले असतात आणि कोडवालेही. विषय निवडताना शिस्त ठेवली नाही तर दोन वर्षांनी सगळ्यातलं थोडं-थोडं हाती लागतं.

मॅकगिलमध्ये दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक हमखास गल्लत करतात. म्युझिक टेक्नॉलॉजीचा एम.ए. हा संशोधनाचा, थिसिसवाला. साउंड रेकॉर्डिंगचा एम.म्युझ. हा स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकांचा. अर्ज, अटी, पोर्टफोलिओ, सगळं निराळं.

स्टॅनफर्डचं कर्मा हे संगणक-संगीताचं केंद्र 1975 चं. एफएम सिंथेसिस (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवणं) शोधणारे जॉन चाउनिंग हे त्याच्या संस्थापकांपैकी एक. तिथला एम.ए. छोटा आहे आणि वर्ग लहान असतो. फिजिकल मॉडेलिंग (वाद्याच्या भौतिकीच्या गणितातून आवाज काढणं) आणि फिल्टर यांचा पाया तिथे पक्का होतो. ज्युलिअस स्मिथ यांची चारही पुस्तकं त्यांच्या पानावर फुकट वाचायला आहेत. अर्ज करण्याआधी त्यांतलं डीएफटीवरचं (आवाजातल्या वारंवारता काढण्याच्या गणितावरचं) पुस्तक गणितं सोडवत पूर्ण करा. ते जड गेलं तर कुठलाही सिग्नल प्रोसेसिंगचा मास्टर्स पहिल्या सेमिस्टरमध्येच जड जाईल.

खुंटी
मंद्रसप्तक यांच्याशी बहुतांशी सहमत, पण यादीत एक मोठं भोक आहे. प्लगिन आणि ध्वनिसंश्लेषण म्हणताय तर एडिनबराचा अकूस्टिक्स अँड म्युझिक टेक्नॉलॉजीचा एमएससी नक्की पाहा. स्टीफन बिलबाओ तिथे. तार, पडदा, पोकळी यांची समीकरणं फायनाइट डिफरन्सने (छोट्या पायऱ्यांत आकडेमोड करून) सोडवून आवाज काढण्याचं काम तिथलं. गणित भरपूर आहे: आंशिक अवकल समीकरणांची भीती नसेल तरच जा.

ऑलबोर्ग विद्यापीठाच्या कोपनहेगन कॅम्पसमधला साउंड अँड म्युझिक कॉम्प्युटिंग दोन वर्षांचा, 120 ईसीटीएसचा. ओटिकॉन, जीएन, वाइडेक्स (2019 पासून डब्ल्यूएस ऑडिऑलॉजीचा भाग) या श्रवणयंत्र कंपन्या त्याच परिसरात आहेत आणि त्यांना रिअल-टाइम डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग) येणारी माणसं लागतात. संगीत तंत्रज्ञान शिकलेल्यांच्या नजरेतून हे क्षेत्र नेहमी सुटतं.

कार्नेगी मेलनचा म्युझिक अँड टेक्नॉलॉजीसुद्धा बघा. तिथे संगीत, कॉम्प्युटर सायन्स आणि इलेक्ट्रिकल हे तिन्ही विभाग मिळून शिकवतात. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरची सुरुवात 1999 मध्ये त्याच विद्यापीठात झाली.

भाषेचा मुद्दा आधीच तपासा. पॅरिसचा एटिआम हा इर्काम ही संगीतसंशोधन संस्था, सोर्बोन आणि टेलेकॉम पॅरिस यांचा कोर्स फार उत्तम, पण फ्रेंच येत नसेल तर वर्गात निभाव लागणार नाही. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वेव्ह फील्ड सिंथेसिससाठी (अनेक स्पीकरांतून ध्वनिलहर उभी करण्यासाठी) 832 चॅनेलचं सभागृह आहे, तिथेही शिकवणं मुख्यतः जर्मनमधून. ऑस्ट्रियातल्या ग्राझचा टोनइंजेनिअर (ध्वनी-अभियंता) कोर्स तांत्रिक विद्यापीठ आणि संगीत विद्यापीठ मिळून चालवतात. तोही जर्मनमध्ये, आणि संगीताची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते.

तरफ
दोघांचे आभार. एक वर्ष की दोन वर्षं हे कसं ठरवायचं? एका वर्षात खर्च कमी, पण थिसिस उरकल्यासारखा होईल का?

अनुरणन
एक वर्षाच्या कोर्सचं कॅलेंडर कागदावर मांडून पाहा. सप्टेंबरात सुरू, जानेवारीपर्यंत पहिल्या सत्राचे विषय, त्याच सुमारास थिसिसचा विषय आणि गाइड ठरवायचा, ऑगस्ट-सप्टेंबरात सादर करायचा. प्रत्यक्ष प्रयोगांना हातात साडेचार ते पाच महिने. त्यात डेटासेट स्वतः तयार करायचा म्हटलं की महिना-दोन महिने त्यातच जातात, आणि सुरांचं लेबलिंग हे नेहमी ठरवल्यापेक्षा लांबतं. म्हणून एक वर्षाच्या कोर्सला जाणाऱ्याने विषय निदान अर्धा ठरवूनच जावं आणि तयार डेटासेटवर काम करावं. विषय तिथे गेल्यावर शोधू असं म्हणणाऱ्याने दोन वर्षांचा कोर्स घ्यावा.

नोकरीच्या दृष्टीने अजून एक. दोन वर्षांच्या कोर्समध्ये मधला उन्हाळा इंटर्नशिपला मिळतो. ऑडिओ कंपन्यांतल्या बऱ्याच नोकऱ्या या इंटर्नशिपमधूनच पुढे सरकतात. एक वर्षाच्या कोर्समध्ये तो उन्हाळा थिसिसमध्ये जातो. काही ठिकाणी कंपनीत राहून थिसिस करता येतो. ते चालतं का, आणि कोडचा हक्क कोणाकडे राहतो, हे आधी विचारा. कोड गोपनीय राहिला तर पुढच्या मुलाखतीत दाखवायला काहीच नसतं.

आणि पीएचडीचा दरवाजा उघडा ठेवायचा असेल तर क्रेडिट मोजा. उदाहरणार्थ स्पेनमध्ये पीएचडीला पदवी आणि मास्टर्स मिळून 300 ईसीटीएस लागतात. चार वर्षांची पदवी 240 मानली गेली तर 60 चा मास्टर्स पुरतो. तीन वर्षांच्या पदवीवर 60 चा मास्टर्स केला की बेरीज 240 वरच अडकते. ब्रिटनचा एक वर्षाचा मास्टर्स त्यांच्या 180 क्रेडिटचा, म्हणजे 90 ईसीटीएसच्या बरोबरीचा. नियम देशागणिक बदलतात, पण बेरीज करायची पद्धत हीच.

गमक
माझं मत जरा वेगळं आहे आणि ते धागाकर्त्याने गांभीर्याने घ्यावं असं वाटतं. इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आहे तर इलेक्ट्रिकल किंवा कॉम्प्युटर सायन्सचा मास्टर्स करा आणि थिसिस ऑडिओवर करणारा गाइड शोधा. पदवीवर ओळखीचं नाव राहतं, अल्गोरिदम आणि ऑप्टिमायझेशन पक्कं होतं, ऑडिओत नोकरी नाही मिळाली तर बाकी क्षेत्रं बंद होत नाहीत. अमेरिकेत तर याचा सरळ कायदेशीर परिणाम आहे. शिक्षणानंतर कामासाठी ओपीटी या परवानगीचे 12 महिने सगळ्यांना मिळतात. पुढचे 24 महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या कोर्सना. कोर्स त्या यादीत आहे की नाही हे त्याच्या सीआयपी कोडवरून (अभ्यासक्रमांच्या सरकारी वर्गीकरणातल्या क्रमांकावरून) ठरतं, नावावरून नाही. एकाच विद्यापीठात संगीत शाळेतल्या कोर्सचा कोड एक आणि अभियांत्रिकीतल्या कोर्सचा दुसरा असू शकतो. प्रवेश कार्यालयाला मेल करून कोड लेखी मागवा.

मंद्रसप्तक
@गमक, सीआयपी कोडबद्दल शंभर टक्के. पण सरसकट 'इलेक्ट्रिकल करा' याला माझा विरोध आहे. त्या विभागात ऑडिओवर काम करणारा प्राध्यापक बहुधा एकच असतो. तो सब्बॅटिकलवर गेला, त्याचं फंडिंग संपलं, तर तुम्ही रडार नाहीतर वायरलेसवर थिसिस लिहिता. शिवाय श्रवणचाचणी कशी घ्यायची, संगीताचा डेटा कसा वाचायचा हे तिथे कोणी शिकवत नाही. तुमचा मार्ग घ्यायचाच तर ज्या विद्यापीठात ऑडिओची लॅब आधीच आहे तिथेच घ्यावा. क्वीन मेरीचं सेंटर इंजिनिअरिंग आणि कॉम्प्युटर सायन्सच्याच शाळेत आहे, म्हणजे हा वाद तिथे उद्भवतच नाही.

गमक
मान्य, एकाच प्राध्यापकावर भिस्त ठेवू नये. निदान दोन संभाव्य गाइड हवेत.

खुंटी
ही माहिती वेबसाइटच्या जाहिरातवजा पानावरून कळत नाही, म्हणून तपासण्याची रीत सांगतो.

संगीतातली माहिती काढण्यावरच्या इस्मिर या परिषदेचे 2000 सालापासूनचे सगळे पेपर खुले आहेत. गेल्या तीन वर्षांचे काढा आणि लेखकांच्या विद्यापीठांची नावं बघा. पहिलं नाव मास्टर्सच्या विद्यार्थ्याचं आहे का पीएचडीवाल्याचं, ते शोधा. ज्या लॅबमध्ये मास्टर्सची मुलं पहिले लेखक म्हणून येतात, तिथे त्यांना खरं काम दिलं जातं. जिथे सगळे पेपर पीएचडीवाल्यांचे, तिथे मास्टर्सची मुलं वर्ग करून घरी जातात. वाद्यनिर्मितीसाठी हीच तपासणी नाइम परिषदेच्या पेपरांवर, इफेक्ट्स आणि सिंथेसिससाठी डाफएक्स परिषदेच्या पेपरांवर.

मग त्या कोर्सचे जुने थिसिस काढा. पोम्पेउ फाब्राचे झेनोडो या खुल्या संशोधन-संग्रहावर मिळतात, मॅकगिलचे त्यांच्या स्वतःच्या संग्रहात. किमान पाच चाळा. प्रस्तावना सोडून द्या, मूल्यमापनाचं प्रकरण वाचा. किती गाण्यांवर चाचणी घेतली, एकाच गायकाची गाणी ट्रेनिंग आणि टेस्ट दोन्हीकडे आली आहेत का, श्रवणचाचणीत मश्रा पद्धत (ऐकणाऱ्यांनी एकाच आवाजाच्या अनेक आवृत्त्यांना गुण देणं) वापरली असेल तर लपवलेला संदर्भ, म्हणजे मूळ आवाज, आणि 3.5 किलोहर्ट्झवर कापलेला अँकर, म्हणजे मुद्दाम बिघडवलेला नमुना, ठेवला होता का. गायकांची विभागणी चुकली तर मॉडेल राग शिकत नाही, गळा शिकतं, आणि अचूकता फुगून दिसते. ज्या थिसिसमध्ये अशी चूक परीक्षकांच्या नजरेतून सुटली, तिथलं मार्गदर्शन कसं असेल ते कळतंच.

शेवटी कोड. थिसिससोबतचा कोड उतरवा आणि चालवून पाहा. तो चालणं हे लॅबच्या शिस्तीचं फार चांगलं चिन्ह.

तरफ
हे कुठेच वाचलं नव्हतं, धन्यवाद. पोर्टफोलिओत काय ठेवावं? वादनाचं रेकॉर्डिंग की कोड?

अनुरणन
संशोधनाच्या कोर्सला वादनाची एक दोन-तीन मिनिटांची फीत पुरे. वजन प्रकल्पांना असतं, आणि दोन नीट केलेले प्रकल्प दहा अर्धवट नोटबुकांपेक्षा वरचढ.

तुमच्या आवडींवरून दोन सुचवतो. पहिला: सुरांचं विश्लेषण. पोम्पेउ फाब्राच्या सारगा या खुल्या संग्रहातल्या पाच-सहा मैफली घ्या. गायकाचा सूर काढा, आधार-षड्ज ठरवा, प्रत्येक वारंवारतेला षड्जाने भागून बेस-2 लॉगरिदम घ्या, 1200 ने गुणा, म्हणजे सेंट (सुरांतलं अंतर मोजायचं एकक) मिळतील. एका सप्तकात दुमडून 10 सेंटच्या खान्यांचा हिस्टोग्राम काढा. हे कुणीही करतो. तुमचं काम पुढे सुरू होतं: सूर काढणारा अल्गोरिदम कुठे फसतो ते दाखवा. पीवायआयएन एकट्या आवाजासाठी आहे. मागे तानपुरा आणि पेटी वाजत असेल तर तो सप्तक चुकतो किंवा पेटीच्या सुरावर उडी मारतो. अशा मिश्रणासाठी मेलोडिया आहे, तोही पोम्पेउ फाब्राचा. दोन्हींचे आलेख एकाच दहा सेकंदांच्या तुकड्यावर, एकाखाली एक, असे ठेवा.

इथे एक ठरलेली चूक अर्जांमध्ये दिसते. 44100 च्या सॅम्पलिंगला 2048 सॅम्पलचा एफएफटी (वारंवारता काढण्याची झटपट रीत) घेतला की वारंवारतेच्या दोन खान्यांतलं अंतर साधारण 21.5 हर्ट्झ येतं. खर्जातले 110 आणि 116.5 हर्ट्झ हे शेजारचे दोन सूर त्यात एकत्रच दिसणार. मग शून्यं भरून एफएफटी 32768 चा करतात. आलेख गुळगुळीत होतो, सूर वेगळे होत नाहीत, कारण नवी माहिती आलेलीच नसते. तुकड्याच्या कडा उतरत्या करणाऱ्या हॅन विंडोचा मुख्य पट्टा चार खान्यांचा. साडेसहा हर्ट्झ नीट सुटे दिसायला मूळ आवाजाचेच सुमारे 27 हजार सॅम्पल लागतात, म्हणजे 0.6 सेकंदाहून जास्त. तेवढ्या वेळात मींड संपून जाते. ही ओढाताण तुम्हाला समजली आहे हे अहवालातल्या एका परिच्छेदात आलं, तर वाचणारा प्राध्यापक तिथेच थांबून नीट वाचेल.

मंद्रसप्तक
दुसरा प्रकल्प मी सुचवतो: ज्यूस ही प्लगिनसाठीची सी++ लायब्ररी वापरून फीडबॅक डिले (प्रतिध्वनीसारखा इफेक्ट). छोटा वाटतो पण त्यात सगळं उघडं पडतं. 48000 च्या सॅम्पलिंगला अर्ध्या सेकंदाचा डिले म्हणजे 24000 सॅम्पलचा वर्तुळाकार बफर. 128 सॅम्पलचा ब्लॉक असेल तर प्रत्येक वेळी हातात 2.67 मिलिसेकंद. त्या कॉलबॅकमध्ये (प्रत्येक ब्लॉकला चालणाऱ्या फंक्शनमध्ये) मेमरी मागायची नाही, लॉक घ्यायचा नाही, फाइलला हात लावायचा नाही. यांतलं काहीही कधी किती वेळ घेईल याची हमी नसते आणि आवाजात टकटक येते.

पुढे डिलेचा वेळ नॉबने बदलला की कर्कश खरखर ऐकू येते. ती घालवायला मूल्य एकदम न बदलता 20 मिलिसेकंदांत सरकवा आणि दोन सॅम्पलमधलं मूल्य इंटरपोलेशनने काढा. वाजवणं थांबवल्यावर प्रोसेसरचा भार अचानक चढला तर ते डीनॉर्मल: फीडबॅकमध्ये उरलेले अतिसूक्ष्म आकडे प्रोसेसरला फार महाग पडतात. ज्यूसमध्ये त्यासाठी एका ओळीची सोय आहे. या तीन गोष्टी सोडवून रीडमीमध्ये लिहा. तुमचं सी++ जेमतेम आहे म्हणता, ते एवढ्याने चांगलंच सुधारेल.

इफेक्टच्या आधीचा आणि नंतरचा आवाज ऐकवताना दोन्हींची लाउडनेस सारखी करून घ्या. जो मोठा तो चांगला वाटतो, मग तुलनेला अर्थ राहत नाही.

प्रतिध्वनी
एसओपीबद्दल (अर्जासोबतच्या उद्देशपत्राबद्दल) थोडं. 'लहानपणापासून संगीताची आवड' या वाक्याने सुरुवात करू नका, सगळेच करतात. पहिल्या परिच्छेदात प्रश्न लिहा: मागे पेटी असताना गायकाचा सूर वेगळा काढणं का अवघड, आणि तुम्ही त्यावर काय करून पाहिलंत. दुसऱ्यात दोन प्राध्यापक आणि त्यांचा एकेक पेपर, त्यात तुम्हाला काय पुढे न्यायचं आहे यासकट. नुसती नावं पेरली तर ती पेरलेलीच दिसतात. अर्ज पाठवण्याआधी त्यांच्या वैयक्तिक पानावर जाऊन निवृत्ती, रजा, किंवा 'या वर्षी विद्यार्थी घेत नाही' अशी सूचना आहे का ते बघा.

प्राध्यापकांना मेल करायचा असेल तर पाच-सहा ओळी, एक दुवा, एक नेमका प्रश्न. 'मला प्रवेश मिळेल का' याला उत्तर येत नाही.

पैशांचं: वर्गावर आधारलेल्या मास्टर्सना फंडिंग क्वचित असतं, थिसिसवाल्यांना असिस्टंटशिप मिळण्याची शक्यता जास्त. 'फंडिंग उपलब्ध आहे' या वाक्यावर विसंबू नका. मागच्या तुकडीतल्या किती जणांना मिळालं, फी पूर्ण माफ झाली की अर्धी, पहिल्या सत्रापासून की दुसऱ्या वर्षापासून, हे विचारा. युरोपात सगळीकडे शिक्षण फुकट ही समजूत जुनी झाली. जर्मनीत बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं, नॉर्वेने 2023 पासून फी लावली.

तरफ
यादी आता अशी केली आहे: पोम्पेउ फाब्रा, क्वीन मेरी, जॉर्जिया टेक, मॅकगिलचा एम.ए., ऑलबोर्ग. एडिनबरा गणित पाहून ठरवेन. दोन ठिकाणांहून होकार आला आणि एकाची मुदत दुसऱ्याच्या निकालाआधी संपत असेल तर?

खुंटी
यादी चांगली झाली. फक्त ऑलबोर्ग आणि जॉर्जिया टेकमध्ये ध्वनिसंश्लेषणावर गाइड मिळेल का हे डाफएक्सच्या पेपरांवरून पुन्हा एकदा पाहा.

मुदतीचं असं. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं 15 एप्रिलच्या ठरावात सामील आहेत. त्यांनी आर्थिक मदतीसह प्रवेश देऊ केला असेल तर त्या तारखेआधी उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही. मदत नसलेल्या नुसत्या प्रवेशाला हे लागू नाही, तिथे त्यांचीच मुदत. मुदत वाढवून हवी असेल तर ती संपण्याच्या आठवडाभर आधी मेल करा, दुसऱ्या निकालाची अपेक्षित तारीख लिहा आणि नेमके किती दिवस हवेत ते सांगा. युरोपात अनामत रक्कम भरून जागा राखायची असते. व्हिसा नाकारला तर ती परत मिळते का हे भरण्याआधी लेखी विचारून घ्या.

आणि मधल्या काळात दोन्हीकडच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला. प्राध्यापक निवडून देतात त्या विद्यार्थ्यांशी नाही, थिसिसच्या यादीतून तुम्ही स्वतः शोधलेल्यांशी. तीन प्रश्न पुरतात: गाइड आठवड्याला किती वेळ देतो, लॅबची खोली रात्री उघडी असते का, आणि तुकडीतली मुलं आत्ता कुठे काम करतात.